हिरवळीखालची माती

चिकणमातीच्या अंगणात अंथरलेली कृत्रिम हिरवळ बिघडू लागली, की त्याची पहिली खूण बहुधा कडेला दिसते. एखाद्या खिळ्याचे डोके वर आलेले असते, किनारपट्टी आणि हिरवळ यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट पडलेली असते, आणि जिथे दोन पट्टे एकमेकांना जोडलेले आहेत तिथे एक सरळ, काळपट रेघ डोळ्यांना खुपू लागते. हे पाहणाऱ्याचा हात आपसूक हातोडीकडे जातो. खिळा पुन्हा ठोकावा, फटीत थोडी वाळू भरावी, जोडावर चिकटद्रव ओतावा, की झाले! ही डागडुजी एखादा हंगाम तग धरते आणि हवा पालटली की तोच खिळा त्याच जागी पुन्हा डोके वर काढतो. अशा अंगणात हिरवळीची म्हणून जी दुखणी सांगितली जातात, त्यांतली बहुतेक हिरवळीची नसतात, असे माझे मत होत गेले आहे. ती खालच्या मातीची आणि वरच्या उन्हाची असतात. मधल्या प्लॅस्टिकवर ती फक्त उमटतात.

चिकणमातीही सगळी एका जातीची नसते. तिच्यात मुख्यतः केओलिनाइट हे खनिज असेल, तर ती भिजल्यावर चिकट होते, पण फारशी फुगत नाही. स्मेक्टाइट गटातील खनिजे, विशेषतः मॉन्टमोरिलोनाइट, भरपूर असतील, तर मात्र पाणी त्या खनिजांच्या पापुद्र्यांमध्ये शिरते, पापुद्रे एकमेकांपासून दूर सरतात आणि अख्खी जमीन वर उचलली जाते. ओल उडाली की तेच पापुद्रे पुन्हा जवळ येतात, जमीन खाली बसते आणि तिला भेगा पडतात. हे सर्वांना ठाऊक असते. फारसे लक्षात घेतले जात नाही ते एवढेच, की हिरवळ अंथरल्याने ही हालचाल थांबत नाही, ती असमान होते. अंगणाचा मधला भाग खडीने आणि हिरवळीने झाकलेला असल्यामुळे तिथली ओल सहजासहजी उडत नाही. कडेची माती मात्र उघड्या जमिनीला लागून असल्याने लवकर सुकते आणि लवकर भिजते. कोरड्या दिवसांत कडा खाली बसतात आणि मध्य उंच राहतो. दीर्घ कोरडेपणानंतर पाऊस पडला की कडा आधी पाणी पितात, फुगतात आणि मध्य खोलगट वाटू लागतो. या वर-खाली होण्यात खिळ्याला एकच दिशा मोकळी असते, ती म्हणजे वरची. माती फुगताना त्याला थोडे वर उचलते, आकसताना सैल सोडते, आणि त्याखाली उरलेल्या पोकळीत कण पडून ती बुजते. मग तो मूळ खोलीवर परत जाणार कसा?

म्हणूनच अशा अंगणाची दुरुस्ती एकाच हंगामातली अवस्था पाहून ठरवू नये, या मतावर मी ठाम आहे. कडक उन्हाळ्यात जो खळगा दिसतो तो ओल्या दिवसांत आपोआप भरून येऊ शकतो, आणि तो उन्हाळ्यातच खडी घालून भरला असेल तर पुढे तिथे उंचवटा तयार होतो. दोन टोकांना खुंट्या मारून पाणसळीत दोरी ताणावी, दोरीपासून हिरवळीच्या बुडापर्यंतचे अंतर जागोजागी मोजून वहीत नोंदवावे, आणि हेच मोजमाप माती पूर्ण भिजलेली असताना पुन्हा घ्यावे. ज्या जागा दोन्ही वेळा खाली असतील त्या खऱ्या खचलेल्या जागा होत. बाकीच्या जागा नुसता श्वास घेत असतात. त्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पाया खणून नीट करायचाच असेल तर त्याचा मुहूर्त शेतकऱ्याला विचारावा: जमीन वाफशावर असेल तेव्हा. चिखल असताना चोपलेली माती धुम्मसाखाली रबरासारखी हलते, दबत नाही. ठणठणीत कोरडी माती ढेकळांसकट दबल्याचा भास निर्माण करते आणि पुढे पहिल्या पावसात ती ढेकळे विरघळून जमीन बसते.

पाण्याचा प्रश्न याहून अवघड. वाळूच्या जमिनीत ताशी ३० मिलिमीटरहून अधिक पाणी मुरते, तर चिकणमातीत ते प्रमाण ताशी १ ते ५ मिलिमीटर एवढेच असते. हिरवळीच्या पाठीला पाडलेल्या छिद्रांमधून आणि खालच्या खडीतून पाणी भराभर उतरते, हे खरे आहे, पण उतरून ते जाते कुठे? हिरवळीसाठी चिकणमाती दहा-बारा सेंटीमीटर खणून काढली आणि त्या खड्ड्यात खडी भरली, तर तयार होते ते मातीचे भले मोठे घमेले. वरून सर्व कोरडे, नेटके दिसते आणि खाली खडी पाण्यात उभी असते. त्या साचलेल्या पाण्याने तळाची माती मऊ होते, माणसांच्या वावराने खडीचे खडे तिच्यात रुतत जातात आणि चिखल खडीच्या फटींतून वर चढतो. या घमेल्याला एक तरी कड फोडलेली हवी. तळालाच १ ते २ टक्के उतार द्यावा, सर्वांत खालच्या कडेला सच्छिद्र नळी न विणलेल्या भूवस्त्रात (पाणी जाऊ देणाऱ्या, पण माती अडवणाऱ्या कापडात) गुंडाळून, धुतलेल्या खडीत बसवावी आणि तिचे तोंड अंगणातल्या खरोखर सखल जागी उघडावे. वरच्या पृष्ठभागाला उतार आहे, म्हणून तळालाही असेल असे गृहीत धरू नये. खणताना तळ सपाट करण्याची सवय फार जणांना असते.

निचऱ्याचा अंदाज घ्यायला मोठ्या उपकरणांची गरज पडत नाही. हिरवळीच्या बाहेर, त्याच मातीत, ३० सेंटीमीटर खोल खड्डा करावा, तो पाण्याने भरून एकदा पूर्ण जिरू द्यावा, मग पुन्हा भरून दर तासाला पातळी किती उतरते ते पाहावे. तासाला अडीच सेंटीमीटरही उतरत नसेल, तर मातीच्या भरवशावर राहू नये आणि पाणी बाहेर काढण्याची वाट करावी. अशा वेळी मातीत थोडी वाळू मिसळून ती मोकळी करण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये. थोड्या वाळूने चिकणमाती सच्छिद्र होत नाही. वाळूचे कण मातीत रुतून बसतात आणि सुकल्यावर सगळे मिळून विटेसारखे घट्ट होते. जिप्समचा उपयोग होतो तो सोडियमचे प्रमाण जास्त असलेल्या जमिनीत, सरसकट कोणत्याही चिकणमातीत नव्हे.

खचलेल्या जागेची हिरवळ उचलून पाहणे हा या कामातला सर्वांत बोलका भाग आहे. जवळच्या कडेचे खिळे जंबुऱ्याने सरळ वर ओढून काढावेत, त्या भागातली पात्यांमध्ये भरलेली वाळू ताठ खराट्याने उकरून बाजूला करावी आणि कोपरा सावकाश मागे दुमडावा. पाया चांगला असेल तर खाली करड्या दगडी चुऱ्याचा टणक, कोरडा थर दिसतो आणि त्यावर हिरवळीच्या पाठीची जाळी उमटलेली असते. पाया बिघडला असेल तर चुरा काळसर झालेला असतो, बोटाने दाबला की ओल वर येते, आणि अजून थोडे खणल्यावर खडीचा एकेक खडा मातीचा लेप घेऊन बाहेर निघतो. खडी आणि माती यांच्यामध्ये भूवस्त्र घातलेले नाही, हे त्या लेपावरून तत्काळ कळते. भूवस्त्र गवत उगवू नये म्हणून घालतात असे पुष्कळांना वाटते. चिकणमातीत त्याचे खरे काम हे दोन थर एकमेकांत मिसळू न देण्याचे आहे. असे मिसळलेले मिश्रण पुन्हा चोपून उपयोग नसतो. ते काढून टाकावे, तळ पुन्हा उताराला आणावा, भूवस्त्र अंथरून त्याच्या कडा एकमेकांवर चांगल्या हातभर चढवाव्यात, आणि बारीक चुऱ्यासह फोडलेली खडी पातळ थरांत, प्रत्येक थर किंचित भिजवून, चोपत चोपत भरावी. साध्या हलक्या वावराच्या जागी ७५ ते १०० मिलिमीटर जाडीचा थर सहसा पुरतो. फुगणाऱ्या मातीवर मी तो याहून जाड ठेवीन. खळगा नुसत्या वाळूने भरणे सोपे असते, पण कडेला अडसर नसेल तर वाळू पाण्याबरोबर सरकते आणि मातीच्या भेगांत उतरून जाते.

आता उन्हाकडे वळू. कृत्रिम हिरवळीचा जन्म छपराखाली झाला आहे, हे विसरता कामा नये. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स येथील मोझेस ब्राऊन शाळेच्या बंदिस्त क्रीडागृहात १९६४ मध्ये ती प्रथम मोठ्या प्रमाणावर अंथरली गेली. पुढे ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम या छप्पर असलेल्या क्रीडागारात छताच्या पारदर्शक तावदानांमुळे खेळाडूंचे डोळे दिपू लागले, म्हणून तावदाने रंगवली गेली, सूर्यप्रकाशाविना खरे गवत मेले आणि १९६६ मध्ये त्याच्या जागी नायलॉनची हिरवळ आली. जिथे ऊन पोहोचत नव्हते तिथली सोय म्हणून जी वस्तू प्रसिद्धीस आली, ती आज आपण दिवसभर रखरखीत ऊन असलेल्या अंगणात पसरतो आणि ती तापते म्हणून तक्रार करतो.

ती तापते, आणि फार तापते. खरे गवत पानांतून पाणी बाहेर सोडून स्वतःला थंड ठेवते. प्लॅस्टिकच्या पात्याला ती सोय नाही. भर उन्हात कृत्रिम हिरवळीचा पृष्ठभाग ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत सहज जातो. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या मैदानावर २००२ मध्ये घेतलेल्या मोजमापांत पाणी फवारल्यावर तापमान सुमारे ७९ अंशांवरून २९ अंशांवर आले, पण पाच मिनिटांत ते ४९ अंशांवर आणि वीस मिनिटांत ७३ अंशांवर परत चढले. मुले खेळायला येण्याच्या क्षणी पाणी मारणे हा उपाय त्यामुळे तेवढ्यापुरताच असतो, आणि चिकणमातीच्या अंगणात तो रोजचा करणे म्हणजे पायाला रोज नवे पाणी पाजणे होय. सावलीच खरी. जाळीचे कापड, मांडव, वेल, काहीही चालेल; पण मोठ्या झाडाची सावली हवी असेल तर त्याची मुळे चिकणमातीतून पाणी ओढून जमीन एका बाजूने बसवतात, हेही हिशेबात धरावे. झाड हिरवळीच्या अगदी कडेला लावू नये.

उष्णतेचा दुसरा परिणाम डोळ्यांना कमी जाणवतो. हिरवळीच्या पाठीचे कापड सहसा ज्या पॉलिप्रोपिलीनचे असते ते दर अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे दहा हजारांश एवढे प्रसरण पावते, म्हणजे पहाट आणि दुपार यांच्यात ४० अंशांचा फरक असेल तर ५ मीटर लांबीचा मोकळा पट्टा सुमारे २ सेंटीमीटर वाढेल. कडेला खिळलेल्या हिरवळीला वाढायला जागा नसते, म्हणून तिच्यात सुरकुत्या उठतात आणि रात्री त्या जिरतात. रोज येणाऱ्या-जाणाऱ्या सुरकुत्यांसाठी कापाकापी करू नये. पात्यांमध्ये भरलेली वाळू पुरेशी आहे का, ते आधी पाहावे. त्या वाळूचे काम पाती उभी ठेवण्याबरोबरच आपल्या वजनाने हिरवळ जागच्या जागी धरून ठेवण्याचे असते, आणि प्रति चौरस मीटर ५ ते १० किलो हे तिचे नेहमीचे प्रमाण आहे. वाळू गोल कणांची, धुतलेली, सिलिकाची असावी. टोकदार कण पात्यांना कापतात आणि बारीक भुकटी छिद्रे बुजवते. वाळूऐवजी काळ्या रबराचे कण भरले तर ती भर उन्हाने आणखी तापते. घरगुती अंगणात मला तिचे समर्थन करता येत नाही.

एकाच ठिकाणी, ठरावीक आकाराची, वितळून चकाकणारी पाती दिसली, तर दोष हिरवळीत शोधू नये, समोरच्या भिंतीकडे पाहावे. उष्णता परावर्तित करणारा लेप असलेल्या दुहेरी काचांच्या खिडक्यांची तावदाने हवेच्या दाबातील फरकाने किंचित अंतर्वक्र होतात आणि सूर्यकिरण एका पट्ट्यात एकवटतात. हिरवळीची पाती ज्या पॉलिएथिलीनची असतात ते १२० अंशांच्या आसपास वितळते, आणि त्याच्या पुष्कळ आधी मऊ पडते. असे पाते पुन्हा उभे राहत नाही. तो तुकडा बदलावाच लागतो. पण खिडकीला बाहेरून जाळी लावण्यापूर्वी तुकडा बदलणे व्यर्थ आहे, कारण सूर्य पुढच्या वर्षी त्याच दिवसांत त्याच कोनावर येणारच.

तुकडा बदलताना रंगाची अडचण होते. उरलेली हिरवळ जपून ठेवली असली, तरी ती उन्हात राहिलेली नसते आणि नवा तुकडा ठिगळासारखा दिसतो. यावर एक जुनी युक्ती आहे: नव्या मालाचा तुकडा एखाद्या आडबाजूच्या कोपऱ्यात लावावा आणि त्या कोपऱ्यातली रापलेली हिरवळ दर्शनी जागी आणावी. दोन्हीकडच्या पात्यांचा कल एकाच दिशेला हवा. हिरवळ नेहमी उलट बाजूने, टाक्यांच्या दोन ओळींमधल्या वाटेने कापावी. वरून कापली तर पाती अर्धवट छाटली जातात आणि ती कड नंतर कशानेही झाकता येत नाही. दोन कडांमधले अंतर हे मूळ विणीतल्या दोन ओळींमधल्या अंतराएवढेच ठेवावे. त्याहून कमी ठेवले तर जोड वरंब्यासारखा उठतो, जास्त ठेवले तर रेघ दिसते. खाली साधारण ३० सेंटीमीटर रुंदीची जोडपट्टी मध्यभागी येईल अशी अंथरून तिच्यावर पॉलियुरेथेनचा चिकटद्रव दातेरी पत्र्याने पसरावा. मग दोन्ही कडा एकमेकींकडे कललेल्या ठेवून सावकाश खाली सोडाव्यात आणि अडकलेले प्रत्येक पाते बोटाने किंवा बोथट टोच्याने वर काढावे. या कामात घाई करता येत नाही. चिकटद्रवात एक पाते अडकले तरी त्या ठिकाणी पुढे कायम खाच दिसते. शेवटी सबंध जोडावर वाळूच्या पिशव्या ठेवून तो सुकू द्यावा. हे सारे मध्यम हवेत करावे. दुपारच्या उन्हात चिकटद्रव हातातच आवळू लागतो आणि हिरवळ ताणलेली असताना जुळवलेला जोड रात्री उघडतो. थंड पहाटे घट्ट जुळवलेला जोड दुपारी वर उठतो.

नेहमीची निगा त्या मानाने साधी आहे. पाती आडवी पडली की ती ज्या बाजूला झुकली असतील त्याच्या उलट दिशेने प्लॅस्टिकच्या ताठ कुंच्याने झाडावीत. तारेचा ब्रश कधीही लावू नये. पालापाचोळा कुजण्याआधी उचलावा. चिकणमातीच्या अंगणात एक जादा काम असते ते धुळीचे. आजूबाजूची सुकलेली माती भुकटी होऊन वाऱ्याने येते, वाळूत बसते, दव पडले की तिचा पातळ लेप होतो, आणि त्या लेपावर वाऱ्याने आलेले बी रुजते. खालून तण येऊ नये म्हणून घातलेले कापड याविरुद्ध काहीच करू शकत नाही. रोप लहान असतानाच बोटांनी मुळासकट काढावे. वाळूचा वरचा थर करकरीत झाला असेल तर तो उकरून काढून नवी वाळू घालावी.

घरात कुत्रा असेल तर वासाची तक्रार येतेच, आणि इथे निचऱ्याचा विषय फिरून समोर येतो. मूत्रातील युरियाचे विघटन करून जिवाणू अमोनिया तयार करतात, आणि सच्छिद्र जमिनीवर जे खाली वाहून गेले असते ते चिकणमातीवर खडीतच साचून राहते. विकर (एन्झाइम) असलेले द्रव शिंपडून आणि भरपूर पाणी मारून वास कमी होतो, झिओलाइट या सच्छिद्र खनिजाची भर अमोनियम धरून ठेवते. पण पाणी बाहेर जायला वाट नसेल तर धुण्याने ती घाण फक्त दुसऱ्या कोपऱ्यात जाते. अशा अंगणात कुत्र्यासाठी हिरवळीबाहेर खडीची वेगळी जागा करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

किनारीचा विचारही वेगळा करायला हवा. हिरवळ थेट उघड्या मातीला भिडवण्याऐवजी मध्ये हात-दीड हात रुंदीचा खडीचा पट्टा सोडला, तर मातीच्या भेगा किनारपट्टीपासून दूर राहतात, पाणी वेगाने मुरायला जागा मिळते आणि धूळही कमी येते. दीर्घ कोरड्या काळात या पट्ट्याच्या बाहेरच्या मातीला ठिबकने थोडी, एकसारखी ओल देत राहिले तर कडा फारशा बसत नाहीत. पाणी वाचावे म्हणून कृत्रिम हिरवळ आणणाऱ्याला हा सल्ला विचित्र वाटेल, हे मला मान्य आहे. पण इथे ओल हवी असते ती माती स्थिर राहावी म्हणून, आणि त्यासाठी गवताला लागते त्यापेक्षा कितीतरी कमी पाणी पुरते.

कधीतरी सगळीच हिरवळ काढण्याची वेळ येते. पाठीवरचा लॅटेक्सचा लेप भुकटी होऊन गळू लागला, चिमटीत धरून ओढल्यावर पात्यांचे झुपके हातात येऊ लागले, की डागडुजी थांबवावी. पॉलिएथिलीन, पॉलिप्रोपिलीन आणि लॅटेक्स एकत्र चिकटलेले असल्यामुळे अशा मालाचा पुनर्वापर कठीण असतो, आणि गळणाऱ्या पात्यांचे तुकडे पाण्याबरोबर वाहून जातात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये कृत्रिम मैदानांत भरल्या जाणाऱ्या रबराच्या व प्लॅस्टिकच्या कणांवर निर्बंध आणले आणि बदलासाठी २०३१ पर्यंत मुदत दिली, त्यामागे हीच काळजी आहे. काढताना आधी वाळू झाडून घ्यावी, चाळून ती पुन्हा वापरता येते, आणि वाळूसकट हिरवळ गुंडाळायला जाणाऱ्याची कंबर मोडते. मग पट्टे अरुंद कापून न्यावेत. नवी हिरवळ मागवण्याची घाई मात्र करू नये. नवे भूवस्त्र आणि खडी घालून चोपलेला पाया तसाच उघडा ठेवून एका ओल्या आणि एका कोरड्या हंगामातून जाऊ द्यावा, कुठे पाणी थांबते आणि कुठे खडी खाली बसते ते पाहून तेवढ्याच जागी भर घालावी, आणि मग नव्या पट्ट्याचे माप घ्यावे. पुष्कळदा तोवर लक्षात येते, की पूर्वी जेवढी हिरवळ होती तिच्या निम्मीच आता हवी आहे.